बाल्यावस्थेतील विशेष शिक्षण आणि अनुपालन-संचिकांची तपासणी : मावळ तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रस्तावना

महाराष्ट्राच्या प्रशासकीय जीवनात 'दप्तर तपासणी' हा शब्द सर्वपरिचित आहे. ग्रामपंचायत असो, प्राथमिक शाळा असो, आरोग्य उपकेंद्र असो वा अंगणवाडी असो. वरिष्ठ येतात, नोंदवह्या पाहतात, शेरा लिहितात आणि सही करून जातात. महाविद्यालयीन प्राध्यापकांसही हा अनुभव नवा नाही. नॅकच्या समितीच्या भेटीपूर्वी विभागाविभागांत चालणारी फायलींची सिद्धता आपण सर्वांनी पाहिली आहे. कागद जागेवर आहे म्हणजे कार्य झाले, असे गृहीत धरण्याकडे अशा तपासणीचा कल असतो. महाविद्यालयाच्या एखाद्या विभागाबाबत या गृहीतकाने होणारी हानी बहुधा भरून काढता येते. मात्र ज्या बालकाच्या विकासात विलंब आहे किंवा ज्यास दिव्यांगत्व आहे, त्याच्या बाबतीत हीच सवय गंभीर ठरते. तेथे कागद आणि कार्य यांमधील अंतर बालकाच्या आयुष्यातील महिन्यांनी मोजावे लागते.

शून्य ते सहा वर्षे वयोगटातील विशेष गरजा असणाऱ्या बालकांच्या संचिका कशा तपासाव्यात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, या वयोगटात संचिकेतील सुटे कागद मोजून काहीही साध्य होत नाही. दोन कागदांमधील काळ आणि दोन कार्यालयांमधील सांधा तपासणे हेच परीक्षणाचे खरे काम होय. या प्रतिपादनासाठी पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व त्यातील लोणावळा शहर यांचा संदर्भ घेतला आहे. विवेचनाचा आधार संबंधित कायदे, शासकीय योजनांची रचना व तालुक्याची भौगोलिक वस्तुस्थिती हा आहे. कोणत्याही एका कार्यालयाचे अथवा कर्मचाऱ्याचे मूल्यमापन करणे हा लेखाचा हेतू नाही.

२. अनुपालन-संचिका : संकल्पना आणि कायदेशीर पार्श्वभूमी

विशिष्ट सेवा विशिष्ट मुदतीत देणे कायद्याने बंधनकारक केले की, ती दिली गेली याचा पुरावा ठेवणे ओघानेच येते. हा पुरावा म्हणजे अनुपालन-संचिका. अमेरिकेत १९७५ साली दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला. १९८६ च्या दुरुस्तीने तीन ते पाच वर्षांच्या बालकांच्या शिक्षणास बळ मिळाले आणि तीन वर्षांखालील बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेपाची स्वतंत्र व्यवस्था निर्माण झाली. तेथील प्रचलित नियमांनुसार तीन वर्षांखालील बालकाबाबत संदर्भ मिळाल्यापासून ४५ दिवसांत मूल्यमापन होऊन कुटुंबासाठीच्या सेवा-आराखड्याची पहिली बैठक व्हावी लागते. पूर्वप्राथमिक विशेष शिक्षणास पात्र ठरू शकणाऱ्या बालकासाठी तिसऱ्या वाढदिवसाच्या किमान ९० दिवस आधी संक्रमणाची बैठक घ्यावी लागते. त्यामुळे तेथील परीक्षक संचिका उघडताच प्रथम तारखा पाहतो. आराखडा आहे की नाही हा प्रश्न त्यानंतर येतो. तो केव्हा झाला, हा आधी.

भारतात चित्र निराळे आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने बालकांची वर्षातून किमान एकदा तपासणी करण्याचे कर्तव्य शासनावर सोपवले होते. त्याची जागा घेणारा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. कलम २५ मध्ये जोखमीची बालके शोधण्यासाठी वार्षिक तपासणीचे कर्तव्य कायम आहे. कलम १६ नुसार शासकीय निधी वा मान्यता असणाऱ्या शैक्षणिक संस्थांनी दिव्यांग विद्यार्थ्यांचा सहभाग व प्रगती यांवर लक्ष ठेवणे अपेक्षित आहे. मोफत शिक्षणाचा हक्क मात्र कलम ३१ अन्वये सहा ते अठरा वर्षे या वयोगटापुरता सांगितला आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदाही सहाव्या वर्षापासूनच हक्क देतो. त्यापूर्वीच्या वयासाठी शासनाने आवश्यक व्यवस्था करावी, एवढेच तो सुचवतो.

याचा अर्थ असा की, सहा वर्षांखालील बालकाबाबत कर्तव्ये आहेत. परंतु 'अमुक दिवसांत अमुक सेवा' अशी मुदत २०१६ च्या कायद्यात घालून दिलेली नाही. जेथे मुदत नाही तेथे उशीर हा दोष म्हणून नोंदवलाच जात नाही. कागद असला की तपासणी पूर्ण होते. आपल्याकडील परीक्षण-पद्धतीतील उणिवेचे मूळ येथे आहे.

३. मावळातील बालकाचा कागदोपत्री प्रवास

मावळ तालुक्याचे मुख्यालय वडगाव येथे आहे. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही तिन्ही खोरी, महामार्ग व लोहमार्गालगतची तळेगाव दाभाडे, कामशेत, लोणावळा ही गावे-शहरे असे या तालुक्याचे दुहेरी स्वरूप आहे. मार्गालगतच्या गावातून पुणे गाठणे सोपे आहे. खोऱ्याच्या टोकावरील वाडीतून पावसाळ्यात कामशेत गाठणेही कठीण असते. कातकरी व ठाकर समाजाच्या वस्त्या, हंगामी स्थलांतर करणारी मजूर कुटुंबे आणि लोणावळा-खंडाळ्यातील बंगल्यांची राखण करणारी, परगावाहून आलेली कुटुंबे यांची बालके एकाच पत्त्यावर टिकतील, याची शाश्वती नसते.

अशा तालुक्यातील विशेष गरजा असणाऱ्या बालकाची कागदपत्रे साधारणतः पाच ठिकाणी तयार होतात.

पहिले ठिकाण अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांपासून सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेची ही शेवटची कडी. वजन-उंचीच्या नोंदी मार्च २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' या प्रणालीत होऊ लागल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय महिला व बाल विकास मंत्रालयाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल प्रसिद्ध केला. दिव्यांगत्वाची प्रारंभिक लक्षणे ओळखणे, बालकास अंगणवाडीच्या उपक्रमांत सामावून घेऊन कुटुंबाला सक्षम करणे आणि आशा, आरोग्यसेविका व आरोग्य पथकांमार्फत संदर्भ सेवा देणे, असे तीन टप्पे त्यात आहेत.

दुसरे ठिकाण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे फिरते पथक. फेब्रुवारी २०१३ मध्ये या कार्यक्रमाचा प्रारंभ महाराष्ट्रातच, तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाला. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वादींची कमतरता आणि विकासातील विलंब या चार गटांतील दोष शोधणे हे त्याचे कार्य आहे. अंगणवाडीतील बालकांची तपासणी वर्षातून दोनदा व्हावी, असे त्यात अभिप्रेत आहे. पथक तपासणी-पत्रक भरते आणि आवश्यकतेनुसार संदर्भपत्र देते.

तिसरे ठिकाण जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. पुणे जिल्ह्यासाठी ते औंध येथील जिल्हा रुग्णालयात आहे. लोणावळा ते पुणे हे लोहमार्गाने ६४ कि.मी. अंतर आहे आणि औंधचे रुग्णालय लोहमार्गावर नाही. बालकास कडेवर घेऊन लोकल, बस व रिक्षा बदलत जाणाऱ्या पालकाचा एक संपूर्ण रोजगार बुडतो. उपचारासाठी ही फेरी वारंवार करावी लागते. संदर्भपत्रानंतर बालक का पोहोचले नाही, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा याच साध्या हिशेबात सापडते.

चौथे ठिकाण दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र देणारी यंत्रणा. लहान बालकास मिळणारे प्रमाणपत्र बहुधा तात्पुरते असते. वाढत्या वयानुसार पुनर्मूल्यांकन करून ते नव्याने घ्यावे लागते.

पाचवे ठिकाण वडगाव येथील गटसाधन केंद्र. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत पूर्वप्राथमिक ते बारावीपर्यंतच्या विशेष गरजा असणाऱ्या मुलांसाठी समावेशित शिक्षणाची तरतूद आहे. विशेष शिक्षक शाळाभेटी व गृहभेटी करतात आणि वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार करतात.

या पाच ठिकाणांचे वरिष्ठ भिन्न आहेत. अंगणवाड्यांतही ग्रामीण प्रकल्प जिल्हा परिषदेच्या यंत्रणेत येतात, तर शहरी भागातील अंगणवाड्या नागरी प्रकल्पांत येऊन आयुक्तालयाशी जोडल्या जातात. परिणामी मुख्यसेविका अंगणवाडीचे दप्तर पाहते, आरोग्य विभाग पथकाचे अहवाल पाहतो आणि शिक्षण विभाग आराखडे पाहतो. बालकाचा सलग प्रवास मात्र कोणाच्याच तपासणीत येत नाही.

४. 'सर्व कागद उपलब्ध' या शेऱ्याचा अर्थ

हा मुद्दा एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. पवन मावळातील एका वाडीवरील तीन वर्षांची मुलगी बोलत नाही. जुलै महिन्यात आरोग्य पथक अंगणवाडीत येते, भाषाविकासातील विलंब नोंदवते आणि संदर्भपत्र देते. भातलावणीचे दिवस असल्याने पालकांना जाता येत नाही. पुढे कोणी विचारत नाही. फेब्रुवारीत दुसऱ्या तपासणीच्या वेळी तेच पथक पुन्हा संदर्भपत्र देते. मार्चमध्ये मूल्यमापन होते आणि श्रवण तपासणी सांगितली जाते. ती जूनमध्ये होऊन श्रवणदोष निश्चित होतो. ऑक्टोबरमध्ये प्रमाणपत्र मिळते आणि त्यानंतर श्रवणयंत्रासाठी अर्ज केला जातो.

आता या मुलीची संचिका प्रचलित तपासणी-सूचीनुसार पाहू. तपासणी-पत्रक आहे. संदर्भपत्र आहे, एक नव्हे, दोन आहेत. मूल्यमापन अहवाल, श्रवण तपासणी अहवाल, प्रमाणपत्र, अर्जाची पोच हे सर्व आहे. प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण होईल आणि 'सर्व कागद उपलब्ध, दप्तर अद्ययावत' असा शेरा मिळेल. तो शेरा खोटा नाही. तथापि पहिल्या नोंदीपासून अर्जापर्यंत पंधरा महिने गेले आणि मुलगी सव्वाचार वर्षांची झाली, तरी तिच्या कानावर यंत्र आलेले नाही. अमेरिकेतील शिशु-श्रवणविषयक संयुक्त समितीने पहिल्या महिन्यापर्यंत चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत हस्तक्षेप, असा दंडक सुचवलेला आहे. भाषा आत्मसात होण्याचा काळ मर्यादित असतो, हे त्यामागील कारण. त्या दंडकाशेजारी ही संचिका ठेवली की, 'अद्ययावत' या शब्दाचा फोलपणा ध्यानात येतो.

येथे कोणत्याही एका कर्मचाऱ्याने आपले काम टाळलेले नाही, ही बाब महत्त्वाची आहे. दोष कागदांमध्ये नसून कागदांच्या मधल्या रिकाम्या जागेत आहे. जुलै ते फेब्रुवारी या सात महिन्यांत कोणी काय करावयाचे होते, हे ठरलेलेच नव्हते. कागद मोजणाऱ्या परीक्षकास ही जागा दिसत नाही, कारण ती मोजण्यासाठी त्याच्या सूचीत चौकटच नसते.

५. सुधारित परीक्षणाची रूपरेषा

५.१ परीक्षणाचे प्रश्न

'आहे / नाही' या उत्तरांच्या सूचीऐवजी पुढील आठ प्रश्न परीक्षकासमोर असावेत, असे सुचवावेसे वाटते.

(१) बालकाविषयीची पहिली शंका कोणी व कोणत्या तारखेस नोंदवली? आईने त्यापूर्वी काही सांगितले असल्यास त्याची नोंद आहे का?

(२) तपासणी, संदर्भपत्र, प्रत्यक्ष मूल्यमापन आणि पहिली सेवा या चार घटनांमध्ये किती दिवस गेले?

(३) बालक संदर्भित ठिकाणी पोहोचले नसल्यास कारण नोंदले आहे का आणि पुढील पाठपुरावा कोणाच्या नावे आहे?

(४) मूल्यमापनाचा निष्कर्ष आराखड्यात उतरला आहे का? अहवालात श्रवणदोष आणि आराखड्यात केवळ अक्षरओळख, अशी विसंगती तर नाही?

(५) आराखडा याच बालकाचा आहे का? चार संचिकांमध्ये शब्दशः तीच उद्दिष्टे आढळल्यास ती कोणाचीच नव्हेत, असे समजावे.

(६) पालकांची सही किंवा अंगठा आहे. परंतु त्यांना समजेल अशा भाषेत माहिती दिल्याची व त्यांचे म्हणणे ऐकल्याची नोंद आहे का?

(७) मुदती टळून गेल्या आहेत का? तात्पुरत्या प्रमाणपत्राची मुदत, वाढत्या कानास लहान पडणारा श्रवणयंत्राचा साचा, वाढत्या पायास अपुरा पडणारा कॅलिपर यांचा आढावा घेतला आहे का?

(८) सहा महिन्यांपूर्वी बालकास जे करता येत नव्हते, असे काय आज करता येते?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने अनेक वर्षे मुदतींच्या पालनावर भर दिल्यानंतर २०१४ साली आपल्या देखरेखीत मुलांच्या प्रत्यक्ष निष्पत्तीचा समावेश केला. नियम पाळले जात असूनही मुलांची प्रगती अपेक्षेप्रमाणे होत नाही, हे त्यामागील कारण होते. मुदत हे साधन आहे. बालकाची प्रगती हे साध्य. आपल्याकडे परीक्षण-पद्धती अद्याप घडत असल्याने दोन्हींचा समावेश प्रारंभापासूनच करता येईल.

५.२ संचिकांची निवड

कोणत्या संचिका तपासावयाच्या, हे तपासणी होणाऱ्या कार्यालयाने ठरवू नये, हे तत्त्व सर्वमान्य आहे. परंतु बालकांच्या संदर्भात त्याहून मूलभूत अडचण आहे. संचिकांची तपासणी केवळ संचिका असणाऱ्या बालकांचीच होते. कल्पना करू की, वर्षभरात ४० बालकांना संदर्भपत्रे दिली गेली आणि त्यांपैकी २२ बालकांच्याच संचिका पुढे तयार झाल्या. या २२ संचिका निर्दोष असल्यास अनुपालन शंभर टक्के असल्याचे दिसेल. वास्तविक ते ५५ टक्के आहे. उरलेली १८ बालके तपासणीत येतच नाहीत, कारण त्यांचा कागदच नाही.

म्हणून परीक्षणाचा प्रारंभ कपाटातील संचिकांपासून न करता संदर्भपत्रांच्या नोंदवहीपासून करावा. नोंदवहीतील काही नावे सोडत पद्धतीने निवडावीत आणि प्रत्येक नावाचा माग पुढे काढावा. मावळात ही निवड करताना तिन्ही खोरी, लोणावळ्यासारखे नागरी क्षेत्र आणि स्थलांतरित कुटुंबांच्या वस्त्या यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व द्यावे. अन्यथा रस्त्यालगतच्या गावांची स्थिती सर्व तालुक्याची म्हणून सांगितली जाईल.

५.३ दोन परीक्षक

'आराखडा समाधानकारक आहे का?' या प्रश्नास दोन परीक्षक भिन्न उत्तरे देऊ शकतात. म्हणून काही संचिका दोन व्यक्तींनी परस्परांशी चर्चा न करता तपासाव्यात आणि नंतर उत्तरे ताडून पाहावीत. जेथे मतभेद अधिक, तो प्रश्न संदिग्ध आहे असे समजून त्याची शब्दरचना सुधारावी. उत्तरपत्रिकांच्या पुनर्मूल्यांकनातून प्राध्यापकांना ही प्रक्रिया परिचित आहेच.

५.४ दुरुस्तीची रीत

परीक्षणात त्रुटी आढळली की, ती दूर करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मागील तारीख टाकून कागद तयार करणे. तपासणीचा धाक जितका अधिक, तितका हा मोह अधिक. अशा कागदाने संचिका पूर्ण होते. पण बालकास उशीर का झाला, हे कळण्याची एकमेव खूण पुसली जाते. यास्तव मागील तारखेची नोंद कोणत्याही परिस्थितीत करू नये. सुटलेली नोंद आजच्या तारखेने, विलंबाचे कारण देऊन करावी, असा स्पष्ट नियम असावा. प्रामाणिकपणे नोंदवलेल्या विलंबाबद्दल शिक्षा होणार नाही, याची हमी वरिष्ठांनी दिली, तरच हा नियम टिकेल.

दुरुस्तीचे दोन स्तर असतात. प्रथम त्या बालकाची दुरुस्ती: राहिलेली सेवा त्यास आता मिळाली का? नंतर व्यवस्थेची दुरुस्ती: नव्याने तयार होणाऱ्या संचिकांत तीच त्रुटी पुन्हा दिसते का? अमेरिकेतील देखरेखीत हे दोन्ही स्तर तपासल्याखेरीज त्रुटी दूर झाली असे मानले जात नाही आणि त्यासाठी कमाल एक वर्षाची मर्यादा असते. आपल्याकडे बहुधा 'पूर्तता अहवाल' सादर झाला की विषय संपतो.

५.५ गोपनीयता

बालकाच्या दिव्यांगत्वाची माहिती ही कुटुंबाची खाजगी बाब आहे. छोट्या वाडीवर नाव झाकूनही ओळख लपत नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने बालकांच्या माहितीबाबत पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे. परीक्षकांनी संचिकांची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर घेणे किंवा व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पाठवणे टाळावे. अहवालात केवळ सांकेतिक क्रमांक असावा.

६. सांधा जोडण्याचे दोन उपाय

अंगणवाडी सेविका मानधनावर काम करते. पोषण, लसीकरण, पूर्वशालेय शिक्षण, सर्वेक्षण असे अनेक भार तिच्यावर आहेत. त्यात आणखी एका प्रपत्राची भर घालणे हा सुधारणेचा मार्ग नव्हे. उपलब्ध साधनांतूनच सांधा जोडता येईल का, हे पाहणे इष्ट.

पहिला उपाय पालकांजवळील संचिकेचा. माता व बाल संरक्षण कार्ड आजही आईजवळ असते, दवाखान्यात व अंगणवाडीत ते दाखवले जाते आणि त्यात बालकाच्या विकासाचे टप्पेही दिलेले असतात. त्याच धर्तीवर संदर्भपत्र, अहवाल, प्रमाणपत्र व आराखडा यांच्या प्रती एका पाकिटात पालकांजवळ ठेवाव्यात. पाकिटावर एकच पान असावे: तारीख, काय झाले, पुढे कोठे व केव्हा जावयाचे, कोणास विचारावयाचे. कुटुंब वीटभट्टीवर गेले तरी हे पाकीट बरोबर जाईल. परीक्षकासही पाच कार्यालयांऐवजी एका पाकिटात संपूर्ण प्रवास दिसेल.

दुसरा उपाय हस्तांतरणाच्या दिवसाचा. अंगणवाडीतून पहिलीत जाताना बालकाची शैक्षणिक संचिका बहुधा शून्यापासून सुरू होते. शाळेत नव्याने शोध, नव्याने नोंद, नव्याने शिबिर असा क्रम लागतो आणि पहिलीचे वर्ष त्यात सरते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला आहे. कागदपत्रांच्या बाबतीत मात्र सहाव्या वर्षी भिंत उभी राहते. राज्यात प्रवेशापूर्वी शाळापूर्व तयारी मेळावे घेतले जातात. त्या वेळी अंगणवाडी सेविका, पहिलीच्या वर्गशिक्षिका, विशेष शिक्षक आणि पालक यांनी एकत्र बसून विशेष गरजा असणाऱ्या बालकाचे पाकीट पाहावे आणि हस्तांतरणाची तारीख दोन्ही नोंदवह्यांत लिहावी. यासाठी नवीन निधीची गरज नाही.

७. एक आक्षेप

या विवेचनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. खरी उणीव वाचा-उपचारतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ व विशेष शिक्षक यांची आहे. संचिका कितीही नीट तपासल्या तरी त्यातून तज्ज्ञ निर्माण होणार नाहीत. हा आक्षेप मान्य करावाच लागतो. परंतु तज्ज्ञ कोठे कमी पडतात, हे सिद्ध करण्यासाठीही तारखाच लागतात. संदर्भपत्र ते मूल्यमापन हे अंतर मोठे असेल, तर अडचण प्रवासाची किंवा पाठपुराव्याची आहे. तालुक्यातच ठरावीक दिवशी तपासणी ठेवणे हा त्यावरील उपाय. मूल्यमापन ते पहिली सेवा हे अंतर मोठे असेल, तर अडचण मनुष्यबळाची आहे. तेथे पदांची मागणी करावी लागेल. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. अशा विभागापुढे 'तज्ज्ञ कमी आहेत' हे सर्वसाधारण विधान मांडण्यापेक्षा कोणत्या टप्प्यावर किती महिने जातात, हे मांडणे अधिक परिणामकारक ठरेल.

८. महाविद्यालयांची भूमिका

मावळ परिसरातील महाविद्यालये या कार्यात दोन प्रकारे साहाय्य करू शकतात. एक, सर्व विभागांच्या कक्षेबाहेरील तटस्थ परीक्षक म्हणून. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य व संख्याशास्त्र या विषयांचे प्राध्यापक, योग्य परवानगीने व गोपनीयतेची लेखी हमी देऊन, तालुका स्तरावरील वार्षिक परीक्षणात सहभागी होऊ शकतात. मात्र बालकाचे निदान वा उपचार यांविषयी मत देण्याचा अधिकार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असणाऱ्या व्यावसायिकांचा आणि वैद्यकीय तज्ज्ञांचा आहे, याचे भान ठेवणे अत्यावश्यक आहे. दोन, पाठपुराव्यासाठी. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक शिबिराच्या दिवशी पालकांना सोबत करू शकतात. मात्र संचिका त्यांच्या हाती देऊ नयेत.

९. समारोप

बाल्यावस्थेतील विशेष शिक्षणात अनुपालन म्हणजे योग्य वेळी योग्य सेवा. ती वेळ संचिकेतील तारखांमधून दिसते आणि दोन कार्यालयांच्या मधल्या सांध्यात ती हरवते. म्हणून परीक्षण संदर्भपत्रांच्या नोंदवहीपासून सुरू करणे, चार घटनांमधील दिवस मोजणे, मागील तारखेच्या नोंदींना प्रतिबंध करणे, पालकांजवळ प्रती ठेवणे आणि पहिलीच्या प्रवेशावेळी संचिकेचे हस्तांतरण करणे, या पाच गोष्टी प्राधान्याने व्हाव्यात. यांपैकी एकीसाठीही नवीन कायद्याची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. एका तालुक्यात, एका वर्षाच्या संदर्भपत्रांवर हा प्रयोग करून पाहता येईल. त्यातून निघणारे पहिले उत्तर केवळ दिवसांची संख्या असेल. परंतु भातलावणीमुळे जुलैत राहून गेलेली फेरी ऑगस्टमध्येच कोणीतरी आठवणीने विचारावी, यासाठी ती संख्या कोणाच्या तरी टेबलावर असणे आवश्यक आहे.